मदत हवी आहे: ‘कसे झाले?’ हे इंग्रजीत विचारणे आणि सांगणे

नमस्कार. मुलाखत, परीक्षा किंवा बैठक कशी झाली, हे इंग्रजीत सहजपणे विचारता आणि सांगता यावे, यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ‘हाऊ डिड द इंटरव्ह्यू गो?’ या प्रश्नात भूतकाळ ‘डिड’नेच दाखवलेला असल्यामुळे क्रियापद ‘गो’ असेच राहते आणि उत्तरात मात्र ‘इट वेन्ट वेल’ असे म्हणतात, इथपर्यंतचे व्याकरण मला समजले आहे. चित्रपटाविषयी मात्र ‘हाऊ वॉज द फिल्म?’ असेच कानावर पडते. म्हणजे जिथे काम पार पडले की नाही हे विचारायचे असते तिथेच ‘गो’ वापरावे, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

खरी अडचण उत्तराची आहे. मुलाखत बेताचीच झाली असेल, तर ‘नॉट बॅड’ आणि ‘इट वॉज ओके’ यांपैकी अधिक समाधान कशातून व्यक्त होते? ‘इट कुड हॅव गॉन बेटर’ हे वरिष्ठांना तक्रारीसारखे तर वाटणार नाही ना? शिवाय, नुसते ‘गुड’ म्हटले की संभाषण तिथेच खुंटते, म्हणून त्याला जोडता येतील अशी एक-दोन स्वाभाविक वाक्ये कृपया सुचवावीत.