पणजीचं नाव कसं शोधायचं? (देवगड तालुका)

सड्यावरची:
भाऊबंदांनी केलेली वंशावळ आमच्या घरात आहे. मूळपुरुषापासून माझ्या भाच्यापर्यंत सगळे पुरुष, एकाही बाईचं नाव नाही. मला आजोबांच्या आईचं नाव हवंय. पणजोबा मुंबईला गिरणीत होते, तरुणपणीच वारले. मग पणजीने वरकस जमिनीत नाचणी काढून, दुसऱ्यांच्या लावणीला जाऊन दोन मुलगे वाढवले. गाव तिला मिठबावकरीण म्हणायचं, म्हणजे माहेर मिठबावचं. आजोबांच्या तोंडी ती कायम 'आये'च. आत्या म्हणते, माझी चालायची ढब थेट तिची, डावा पाय जरा बाहेर टाकत. एवढं अंगात उतरलंय आणि नाव माहीत नाही, हे मला सोसवत नाही. कुठून सुरुवात करू?

निवृत्त_तलाठी:
ताई, मुलं लहान असताना पणजोबा गेले, हाच तुमचा धागा. खातेदार वारला की वारसनोंद व्हायची आणि वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असला तर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' लिहून आईचं नाव घालत. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. अशा कितीतरी बायका मी जुन्या पानांवर पाहिल्यात. नवरा गेल्यावरच त्यांचं नाव सरकारदप्तरी आलं.

आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात. ते धरून एकेक फेरफार मागे जा, तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. जमीन खोताची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची, असेल तर तुमचे लोक कुळाच्या रकान्यात शोधा. खोती 1949 च्या कायद्याने गेली. पान मोडीत निघालं तर घाबरू नका, पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकलेली मंडळी आता बरीच आहेत. कोतवाल बुकही बघा, पणजी गावातच गेली असेल तर मृत्यूची नोंद तिथे मिळू शकते. देवगडला काही सापडलं नाही तर रत्नागिरीलाही विचारा, 1981 पर्यंत सगळा एकच जिल्हा होता.

आंगणेवाडीचो:
गो बाय, कागद मागसून बघ. आदी म्हाळाक गावाक जा. भट नावां इचारता तेवा घरातलो थोरलो जी नावां सांगता, ती लिवन घे. आमच्याकडे आयेची, आजयेची, सगळ्यांची नावां घेतत.

गडनदी:
घरातलं कुणी त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलं होतं का? तिथल्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात. आमच्या वहीत आजोबांनी स्वतःच्या हाताने आईचं नाव लिहिलेलं निघालं. अक्षर वाकडं, शाई फुटलेली, पण नाव स्वच्छ. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो.

सड्यावरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. आंगणेवाडीचो, तुमचं वाचून लगेच आत्याला फोन केला. म्हाळात पार्वती आणि सरस्वती अशी दोन नावं घेतलेली तिला आठवतात. एक पणजीचं आणि एक तिच्या सासूचं असणार, पण कुठलं कुणाचं ते ती सांगू शकत नाही. फेरफारात कळेल ना? आणि काका, लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं कसं कळणार?

निवृत्त_तलाठी:
कळेल, फेरफारात सासरचं नाव असतं. माहेरचं कागदात मिळणं कठीण. जन्माच्या नोंदीत तेव्हा पुष्कळदा नावच नसायचं, नुसतं 'मुलगी'. त्यासाठी मिठबावला तिच्या भावांच्या घरीच जा. पणजोबांचं नाव आणि तुमचं गाव सांगून विचारा, आमच्याकडे दिलेली तुमची मुलगी कुठली म्हणून.