शब्दचर्चा : ‘ट्रॅप’ला मराठीत काय म्हणायचं?

उनाडकी : भाचा दिवसभर ‘ट्रॅप’ ऐकतो, रॅपमधलाच एक प्रकार. मला ट्रॅप म्हटलं की पेपरातली बातमीच आठवते, ‘लाचलुचपतवाल्यांनी ट्रॅप लावला, रंगेहाथ पकडला’. मग या गाण्यांना ‘सापळासंगीत’ म्हणू का?

कानसेन : नको, हाडं वाजतायत असं वाटेल! शिवाय अर्थ उलटा होतो. बातमीत सापळा पोलीस लावतात. अमेरिकेत अटलांटाच्या बोलीत ट्रॅप म्हणजे अमली पदार्थ विकायची जागा. मग ती पडीक घर असो नाहीतर गल्ली. ‘ट्रॅपिंग’ म्हणजे तो माल विकणं. ट्रॅपर सापळा लावत नाही, सापळ्यात बसून धंदा करतो.

आउटकास्ट, गुडी मॉब या तिथल्याच रॅपवाल्या मंडळींच्या ओळींत हा शब्द १९९०च्या दशकातच येऊन गेलाय. २००३मध्ये टी. आय. या रॅपरने अल्बमचं नावच ‘ट्रॅप म्यूझिक’ ठेवलं, २००५मध्ये गुची मेनचा ‘ट्रॅप हाउस’ आला, आणि शब्द गाण्यांना चिकटला तो चिकटलाच.

पाटावरवंटा : मग ‘अड्डा’ म्हणा की. जुगाराचा अड्डा, हातभट्टीचा अड्डा.

कानसेन : जागेपुरता चपखल. पण अड्ड्यावर गेलेला माणूस उठून घरी येतो. ट्रॅपमध्ये अडकलेपण आहे. दुसरं काम नाही म्हणून इथे, आणि इथे आहे म्हणून पुढे दुसरं काम मिळणं मुश्कील. गाण्यांत पैशाची मिजास असते, तिच्याच पोटात ही तगमगही असते. नुसतं ‘गुन्ह्याचं उदात्तीकरण’ म्हणून मोकळे होणारे ती ऐकतच नाहीत, असं माझं मत. (आता कुणी ‘चक्रव्यूह’ सुचवू नका. अभिमन्यूला किती राबवायचं?)

उनाडकी : अहो, पण भाच्याच्या गाण्यांत ना घर ना गल्ली. नुसतं ढँऽऽ आणि चर्रर्र. काहींत तर बोल जवळजवळ नाहीतच.

कानसेन : शब्द तिथवर घसरत गेलाय खरा. ते चर्रर्र म्हणजे हाय-हॅट, म्हणजे ड्रमवाल्यांची झांज. सरळ चालता चालता मध्येच तिगुन, चौगुन घेते. ढँऽऽ हा रोलंड टीआर-८०८ या ड्रमयंत्राचा ठोका, डग्ग्याचा घुमारा ताणत न्यावा तसा. हे यंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं, पण त्याचा आवाज काही गेला नाही. २०१०च्या सुमारास लेक्स लुगर या बीट बनवणाऱ्याने ही घडण इतकी ठसठशीत केली की लोक तिलाच ट्रॅप म्हणायला लागले. बाउअर या संगीतकाराचं ‘हार्लेम शेक’ २०१३मध्ये बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. तेही ट्रॅपच म्हणे! अड्ड्याशी संबंध शून्य.

मग २०१७मध्ये मिगोस हे रॅपवाले त्याच यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले, तोवर जुन्या रॅपवाल्यांनी ‘मम्बल रॅप’ म्हणून नाकं मुरडायला सुरुवात केली होती.

पाटावरवंटा : ‘पुटपुट रॅप’! हा तरी माझा घ्या.

कानसेन : घेतला. 

पाटावरवंटा : म्हणजे ओळीत जागा आली तर अड्डा, बाकी ट्रॅप?

कानसेन : मी तरी तसंच करीन. वाजण्याबद्दल बोलायचं तर ‘ट्रॅपचा ठेका’. तबल्यासारखं बांधलेलं आवर्तन नाही, पण कानाला कळतं.

उनाडकी : आत्ताच भाच्याला विचारलं, ट्रॅप म्हणजे काय रे? म्हणाला, “बीट असते गं मावशी.” म्हटलं, अरे, अड्डा! तर म्हणतो, “अड्डा आमचा टपरीवर.”