मदत हवी आहे: डेंटल असिस्टिंगचे शिक्षण अर्धवट सोडून नोकरी धरावी का?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याला एका दंतवैद्यांकडे सहा वर्षे मदतनीस होते. हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) लावण्यापासून दातांच्या मापासाठी अल्जिनेटची पूड कालवण्यापर्यंत सारे या हातांनी केलेले आहे. लग्नानंतर कॅलिफोर्नियात आले, ग्रीन कार्ड मिळाले आणि या ऑगस्टपासून इथल्या कम्युनिटी कॉलेजात डेंटल असिस्टिंग शिकत आहे. वर्षाहून अधिक काळ राज्यात राहिल्यामुळे मला रहिवाशांचे शुल्क, म्हणजे एका युनिटला (अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला) 46 डॉलर, लागू झाले. एरवी हे शिक्षण आम्हाला परवडलेच नसते.

अडचण अशी, की घराजवळचा एक दवाखाना मला लगेच कामावर घ्यायला तयार आहे. त्यांचे म्हणणे, 15 महिने नोकरी केली की रजिस्टर्ड डेंटल असिस्टंटच्या (राज्याचा परवाना असलेल्या मदतनिसाच्या) परीक्षेला तसेही बसता येते, मग कॉलेजात वर्ष कशाला घालवायचे? घरात सध्या एकच पगार येतो, त्यामुळे हे बोलणे मनातून जात नाही.

पण जे मला येते असे वाटत होते, तेच इथे नव्याने शिकावे लागते आहे. गेल्या आठवड्यात पुतळ्यावर सराव करताना बाईंनी "नंबर 14" म्हटले आणि सक्शनची (लाळ ओढून घेणारी) नळी धरलेला माझा हात सवयीने वर उजवीकडच्या पहिल्या उपदाढेपाशी गेला. इथल्या मोजणीत 14 म्हणजे वर डावीकडची पहिली दाढ, जिला आपल्याकडे 26 म्हणतात. पुतळा होता म्हणून निभावले. रुग्णाच्या कागदावर असा आकडा चुकला तर त्याच्या चांगल्या दातावर काम होईल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

साताऱ्याचा अनुभव इथे धरतात का? शिवाय कॉलेजने मागितलेली क्षयाची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, छातीचा काही त्रास नसताना. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, मी कॉलेजातूनच शिकले आणि सात वर्षे याच राज्यात काम करते आहे. तिकडचा अनुभव धरत नाहीत. 15 महिन्यांचे किमान 1,280 तास अमेरिकेतच भरावे लागतात. नोकरीची वाट खरी आहे, परंतु रेडिएशन सेफ्टीचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तुम्हाला एक्स-रे काढता येणार नाहीत, आणि ते प्रशिक्षण कधी व कोणाच्या खर्चाने, हे त्या दवाखान्याने लेखी दिल्याशिवाय होकार देऊ नका. तुमचा अभ्यासक्रम 'कोडा'मान्य (दंतशिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने मान्य केलेला) असेल तर तो पूर्ण करून राष्ट्रीय सीडीए (सर्टिफाइड डेंटल असिस्टंट) परीक्षेला थेट बसता येते. नोकरीच्या वाटेने त्यासाठी 3,500 तास लागतात. उद्या यजमानांची दुसऱ्या राज्यात बदली झाली तर हे प्रमाणपत्र फार उपयोगी पडते, म्हणून मी तुमच्या जागी असते तर कॉलेज सोडले नसते. शनिवारी थोडे काम देतात का, हे मात्र त्यांना जरूर विचारा.

लहानपणी टोचलेल्या क्षयाच्या बीसीजी लशीमुळे त्वचेवरची चाचणी अशी येऊ शकते. डॉक्टरांकडे रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

दातांचे आकडे वर उजवीकडच्या अक्कलदाढेपासून 1 असे सुरू करा, वर डावीकडे 16, तिथूनच खाली उतरून 17 आणि खाली उजवीकडे 32. मी रोज रात्री मुलाचे दात घासून देताना मोठ्याने मोजत असे. पंधरा दिवसांत जुनी सवय सुटली.