घोडं अडलं ते आयर्लंडच्या सीमेवर

२०१६च्या सार्वमतात बाहेर पडण्याचा कौल मिळाल्यावर ब्रिटन सरळ सही करून युरोपीय संघातून बाहेर का पडला नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण खरं घोडं अडलं ते आयर्लंडच्या सीमेवर. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग, तर दक्षिणेतला आयर्लंड हा युरोपीय संघातला स्वतंत्र देश. सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा दोनशेहून जास्त ठिकाणी ओलांडता येते, आणि ओलांडताना कळतही नाही. वेगमर्यादेच्या पाटीवर मैलांऐवजी किलोमीटर दिसले, की समजायचं देश बदलला. पेटिगो गावात तर मधून वाहणारी छोटीशी नदी हीच सीमा. उत्तरेतल्या गोठ्यांमधलं बरंच दूध टँकरने दक्षिणेत प्रक्रियेला जातं.

ब्रिटन बाहेर पडला की हीच संघाची बाहेरची सीमा, म्हणजे मालाची तपासणी आली. मग इथे जकात नाके बसवायचे? १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारापर्यंत याच सीमेवर लष्करी चौक्या होत्या, आणि उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडमध्ये जावं यावरून झालेल्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. त्या जखमेवरची खपली कोणी काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तपासणी समुद्रावर ढकलली, ग्रेट ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालावर. त्याने युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारे, दुखावले आणि त्यांच्या विरोधामुळे २०२२ ते २०२४ बेलफास्टमधलं उत्तर आयर्लंडचं सरकारच ठप्प राहिलं.