नामांतरणाचा आदेश ऑनलाइन दिसतो, खसऱ्यावर मात्र जुनंच नाव – आधी कुठे जायचं?

सांवेररोड:
नमस्कार मंडळी. इंदूर जिल्ह्यात सांवेर तहसीलमधली शेतजमीन आहे. खातेदार वारल्यावर वारसांनी लोकसेवा केंद्रातून अविवादित नामांतरणाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसांची नावं चढवण्याचा अर्ज लावला. आरसीएमएसवर (महसूल न्यायालयांच्या प्रकरणांचं पोर्टल) प्रकरण 'निराकृत' (निकाली) दिसतं, आदेशाची पीडीएफही उघडते, तिन्ही वारसांची नावं आहेत. पण एमपी भूलेखवर (जमिनीच्या नोंदींचं पोर्टल) खसरा आणि बी-१ दोन्हीकडे अजून मयताचंच नाव आहे. आदेश होऊन तीन महिने झाले. पटवारी (तलाठी) म्हणतात, "सिस्टिममध्ये चढेल." पुण्याचे नातेवाईक फेरफार आणि सातबारा बघायला सांगतात, त्याचा इथे उपयोग नाही. १८१ (मुख्यमंत्री हेल्पलाइन), लोकसेवेचं अपील आणि माहितीचा अधिकार यांपैकी आधी काय? आणि शहरातल्या घरावर नाव चढवायला हाच आदेश चालेल का?

दप्तरी:
आधी नावं जुळवून घ्या, म्हणजे नातेवाइकांशी बोलताना घोळ होणार नाही. आपला खसरा म्हणजे ढोबळमानाने तिकडचा सातबारा, सर्व्हे नंबरवार. बी-१ म्हणजे खतौनी, खातेदारवार. तिकडच्या आठ-अ सारखी. फेरफाराच्या जागी इथे नामांतरण. मोठा फरक असा की आपल्याकडे तो तहसीलदाराच्या न्यायालयातला खटला असतो. प्रकरण क्रमांकात मध्ये 'अ-६' असेल तर नामांतरण, 'अ-२७' म्हणजे बटवारा, 'अ-१२' म्हणजे सीमांकन. तुमच्या क्रमांकात अ-६ आहे ना, एवढं आधी बघा.

आता अडचण नेमकी कुठे ती. आरसीएमएसवर दिसतं ते न्यायालयाचं काम, भूलेखवर दिसतो तो अभिलेख. आदेश झाला म्हणजे अभिलेख बदलला असं होत नाही. मध्ये 'अमल' नावाची, म्हणजे आदेश अभिलेखात उतरवण्याची पायरी आहे आणि गाडी तिथेच अडते. नेहमीची कारणं अशी: आदेशात खसरा क्रमांक ११२/२ लिहिलाय आणि अभिलेखात तोच ११२/२/१ झालाय, वारसांचे हिस्से आदेशात लिहिलेलेच नाहीत, समग्र (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक), आधार आणि आदेश यांत नावाची अक्षरं वेगवेगळी, किंवा नक्शा तरमीम (नकाशात पोटहिश्श्याची दुरुस्ती) बाकी असल्याने नकाशा आणि खसरा जुळत नाही. म्हणून आदेशाची पीडीएफ आणि आजचा खसरा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक आदेशातच असेल तर पटवाऱ्यांच्या मागे लागून काही होणार नाही, आदेशातली लेखनचूक दुरुस्त करण्याचा अर्ज तहसीलदारांकडेच द्यावा लागेल.

चूक नसेल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ चं कलम ११० हातात धरा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यात अविवादित प्रकरणाला नोंदणीपासून ३० दिवस आणि विवादित प्रकरणाला ५ महिने दिलेत. लोक इथवरच वाचतात. त्याच कलमात पुढे म्हटलंय की आदेशाची प्रमाणित प्रत आणि अद्ययावत भू-अभिलेख पक्षकारांना ३० दिवसांत विनामूल्य द्यायचा, आणि त्यानंतरच प्रकरण अंतिमतः बंद करायचं. म्हणजे जुन्या नावाचा खसरा असताना पडद्यावर 'निराकृत' झळकतंय, हेच मुळात चूक आहे. पहिला अर्ज तहसीलदारांच्या नावे याच मुद्द्यावर करा. सोबत आदेशाची प्रत आणि त्याच दिवशी डाउनलोड केलेला खसरा जोडा. आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कुणी "कलम ११५ मध्ये रेकॉर्ड दुरुस्तीचं नवं प्रकरण लावा" असं सुचवलं तर थांबा. ११५ हे चुकीच्या नोंदीसाठी, उपखंड अधिकाऱ्यांपुढे. तुमच्याकडे वैध आदेश आहे, फक्त अमल राहिलाय. नवं प्रकरण लावलंत तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.

खिडकी_क्रमांक_३:
दादांनी कायदा सांगितला, मी १८१ बद्दल सांगते. तक्रार कशी लिहिता यावर सगळं आहे. 'नामांतरण होत नाही' असं लिहिलंत तर प्रकरण राजस्व न्यायालयाचं आहे असा शेरा मारून ती बंद होऊ शकते, कारण न्यायालयात चालू असलेले विषय हेल्पलाइन घेत नाही. म्हणून लिहा: "प्रकरण क्रमांक अमुक, आदेश दिनांक अमुक, आदेश अंतिम, न्यायालयात काहीही प्रलंबित नाही, फक्त खसऱ्यात अमल बाकी." तक्रार आधी एल-१ कडे (पहिल्या स्तरावरच्या अधिकाऱ्याकडे) जाते, तिथून एल-४ पर्यंत चढते. बंद करण्याआधी फोन येतो. पटवारी "उद्या होईल, तेवढं समाधान सांगून टाका" म्हणाले तरी भूलेखवर नवं नाव स्वतः पाहिल्याशिवाय समाधान सांगू नका. 'संतुष्ट' म्हटलंत की तक्रार तिथेच संपली.

लोकसेवा गॅरंटी कायदा २०१० चा, असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. केंद्राच्या पावतीवर निकालाची तारीख छापलेली असते. ती उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्या निर्णयानंतर ६० दिवसांत दुसरं. उशिराचा दंड दिवसाला २५० रुपये, कमाल ५,०००. तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो आणि त्यातून अर्जदाराला भरपाई देता येते. पण तुमच्या बाबतीत आदेश मुदतीत झालेला असेल तर कागदावर सेवा 'दिली' अशी नोंद असणार. म्हणून अपील हे पहिलं हत्यार नाही. पावतीची तारीख आणि आदेशाची तारीख ताडून मगच ठरवा.

अनुजा_राऊ:
माहितीचा अधिकार शेवटी नका ठेवू, तहसीलच्या अर्जानंतर लगेच लावा. तीस दिवसांचं घड्याळ तरी सुरू होतं. मात्र "अमल का झाला नाही?" असं विचारू नका. कायद्याने अस्तित्वात असलेली नोंद मिळते, खुलासा नाही. असं मागा:

१. प्रकरण क्रमांक अमुक याच्या आदेशपत्रिकेची संपूर्ण प्रत.
२. आदेश अमलासाठी पटवाऱ्यांकडे ज्या दिवशी पाठवला, त्या नोंदीची प्रत.
३. त्या तारखेपासून आजवर हे प्रकरण ज्यांच्याकडे होतं त्यांची पदनामं आणि तारखा, नोंदीप्रमाणे.
४. कलम ११० नुसार पक्षकारांना दिलेल्या अद्ययावत अभिलेखाच्या पोचेची प्रत.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पोच नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी द्यावं लागतं, आणि तोच तुमचा पुरावा. शुल्क १० रुपये, रोख किंवा नॉन-ज्युडिशियल स्टॅम्पवर. आपल्या राज्यात पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १०० रुपये लागतात. केंद्राच्या नियमांत अपील फुकट आहे, त्यामुळे दिल्लीचा नमुना जसाच्या तसा उतरवणाऱ्यांचं अपील शुल्काअभावी अडकतं.

सांवेररोड:
खूप आभार. ताडून पाहिलं, आदेशात हिस्से लिहिलेलेच नाहीत. आणि घराचं काय?

दप्तरी:
मग तिथेच गाठ आहे. तिन्ही वारसांच्या सहीने हिस्से नमूद करण्याचा अर्ज द्या, प्रकरण क्रमांक तोच ठेवा. चूक आदेशातच असल्याने माहिती अधिकारातला दुसरा मुद्दा सध्या गाळला तरी चालेल.

घराचं नामांतरण वेगळं. ते नगर निगमच्या संपत्ती कर खात्यावर होतं, तहसीलचा आदेश तिथे लागू नाही. मृत्यू प्रमाणपत्र, वारसांचं शपथपत्र, मूळ रजिस्ट्री (नोंदणीकृत खरेदीखत) आणि कराची चालू पावती घेऊन झोनल कार्यालयात अर्ज. कर थकलेला असेल तर आधी तो भरा. आणि दोन्हीकडे एक ध्यानात असू द्या: नामांतरण म्हणजे मालकी हक्क नव्हे, महसुलापुरती नोंद. जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलंय. वारसांत वाद नसेल तोवर ठीक. वाद निघाला तर दिवाणी न्यायालय.

खिडकी_क्रमांक_३:
एक राहिलं. नाव चढल्यावर भूलेखवरून डिजिटल सहीची प्रत त्याच दिवशी काढून तिघांकडे एकेक ठेवा. बँक किंवा रजिस्ट्रार कार्यालय पडद्यावरचं चित्र घेत नाही.