मदत हवी आहे: कॅम्परमधला गॅसचा फ्रिज पेटतो, पण नॉब सोडला की विझतो

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. जुनी ट्रॅव्हलर घेऊन घरच्या घरीच कॅम्पर केलीय, बेड, छोटा ओटा, शेगडी आणि एका जुन्या कॅराव्हॅनमधून निघालेला थ्री-वे फ्रिज, म्हणजे २३० व्होल्ट, १२ व्होल्ट आणि गॅस तिन्हीवर चालणारा. कॉम्प्रेसर नाही, अमोनिया-पाणी-हायड्रोजनवाला, मागं बर्नर तापला की आत गार होतं. नॉब दाबून पिझो (ठिणगीचं बटण) मारला की ज्योत लागते, काचेतून दिसते पण, मिनिटभर दाबून धरला तरी सोडला की टपकन विझते.

तपासलं ते सांगतो. सिलिंडर भरलेलं आहे, त्याच लाइनवरची शेगडी निळी जळते, आणि आधी शेगडी पेटवून पाइपातली हवा काढूनच फ्रिजकडे वळतो. फ्रिजच्या प्लेटवर ३० मिलिबार लिहिलंय, रेग्युलेटर कमी दाबाचा घरगुतीच आहे. जॉइंटना साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठं बुडबुडा नाही. घरच्या लाइटवर लावला की सकाळपर्यंत मस्त गार, मागं पिवळी पावडर नाही, अमोनियाचा वास नाही, म्हणजे कूलिंग युनिट ठीक असावं. फक्त ज्योत पिवळसर आणि लुळी वाटते.

घाई का, तर आईला इन्सुलिन चालू आहे, ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. तिला कासची फुलं दाखवायचीत, पुढं बामणोलीला मुक्काम करायचाय, आणि उभ्या गाडीत १२ व्होल्टवर फ्रिज ठेवला तर बॅटरी काही तासांत झोपते. औषधापायी तिला घरी ठेवून आम्ही फिरायचं हे मला अजिबात पटत नाही. थर्मोकपल (ज्योत ओळखणारा सेन्सर) बदलू का आधी बर्नर खोलू? इथले फ्रिज मेकॅनिक कॉम्प्रेसर नाही म्हटलं की हातच लावत नाहीत.

प्रतिसाद, मिरजेहून
दादा, लाइटवर गार होतोय म्हणजे निम्मी काळजी मिटली, दोष गॅसच्या बाजूलाच. थर्मोकपलचं टोक ज्योतीत तापलं की त्यातून थोडे मिलिव्होल्ट येतात, त्यावर सेफ्टी व्हॉल्व्हचं मॅग्नेट धरून राहतं. ज्योत लुळी असंल तर ती टोकापर्यंत पोचतच नाही, मग नवीन थर्मोकपल घालून पण तेच होणार. म्हणून आधी बर्नर. सिलिंडर बंद करा, बाहेरची खालची जाळी काढा, बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं नाहीतर कुंभारीण माशीची माती असती बघा. जेट (गॅस सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) स्पिरिटमध्ये भिजवून हवा मारा, सुई अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. वरच्या धुराड्याची काजळी पण झाडून घ्या. थर्मोकपलचा व्हॉल्व्हकडचा नट ढिला नाही ना हे बघा, आवळताना बेतानं. एवढं करून पण विझला तरच थर्मोकपल बदला.

प्रतिसाद, कराडहून
भाऊ, ह्यात भर घालतो. गाडी सपाट जागेवरच लावा, तिरकी राहिली की आतला अमोनिया नीट फिरत नाही आणि बरेच तास तशीच चालली तर युनिट कायमचं जातं. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, त्यामुळं तळाला उघडं व्हेंट हवंच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, आई आत झोपणार आहेत. चालत्या गाडीत आणि पंपावर गॅस बंद. इन्सुलिन फ्रिजच्या आत मागं असलेल्या गार पत्र्यांना (फिन्सना) चिकटवून ठेवू नका, गोठलं की फेकूनच द्यावं लागतं. मधल्या कप्प्यात ठेवा, शेजारी थर्मामीटर, आणि निघायच्या आदल्या रात्रीच घरच्या लाइटवर फ्रिज गार करून घ्या.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. नळीत खरंच माती निघाली, जेटवर काजळी होती. आता ज्योत निळी, ताठ, आणि नॉब सोडला तरी राहते! थर्मोकपल बदलायची वेळच आली नाही. पण यवतेश्वर घाट चढून वर गेलो तर वाऱ्याच्या झोतात एकदा विझला. कास साधारण १२०० मीटरवर आहे आणि मॅन्युअलमध्ये १००० मीटरच्या वर पेटायला त्रास होऊ शकतो असं लिहिलंय. मग हे उंचीमुळं का वाऱ्यामुळं? वाऱ्याच्या बाजूची जाळी अर्धी झाकली तर चालेल का, का हवा कमी पडून परत पिवळी ज्योत येईल? कुणी महाबळेश्वर-पाचगणीकडं असा फ्रिज चालवला असेल तर प्लीज सांगा. तोवर इन्सुलिनसाठी वेगळा आइसबॉक्स सोबत ठेवतोय.