मदत हवी आहे: केराटोकोनस, क्रॉसलिंकिंग आणि तालीम

मंडळी, पुतण्याला केराटोकोनस निघालाय, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन शंकूसारखा पुढं येतो तो आजार. वय १९, गंगावेशीत तालमीला जातो, डोळे चोळायची खोड लहानपणापासूनची. डॉक्टर क्रॉसलिंकिंग करूया म्हणतात. म्हणजे कॉर्नियावरचा पातळ पापुद्रा काढून रायबोफ्लेविनचे (ब२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालायचे, मग ३७० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश सोडायचा. त्यातून कॉर्नियातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांमध्ये नवे बंध जुळतात आणि कॉर्निया ताठ होतो, पण मुख्यतः वरच्या ३०० मायक्रॉनपर्यंतच.

माझी अडचण पद्धतीची आहे. जुन्या पद्धतीत दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॅट प्रकाश ३० मिनिटं, जलद पद्धतीत ९ मिलिवॅट १० मिनिटं. एकूण ऊर्जा दोन्हीकडे ५.४ जूलच. मग बळकटीही तेवढीच येते का? जलद पद्धतीत हे बंध जुळायला लागणारा ऑक्सिजन अपुरा पडतो असं वाचलं. पोराच्या कॉर्नियाची जाडी ४३० मायक्रॉन, म्हणजे या उपचाराला लागणारी किमान ४०० ची मर्यादा जेमतेम पार.

यानं चष्मा जात नाही, आजार वाढायचा थांबतो, एवढं ठाऊक आहे. (भाऊ अजून लेसरच समजतोय, ते असो.)

कोल्हापूर किंवा सांगली-मिरजेकडं कुणी करून घेतलंय का? कुठली पद्धत? आणि कुस्ती परत किती महिन्यांनी, मातीतली की आधी फक्त मॅटवर?